हात न लागलेल्या चार बंदुका

लग्नाआधी माणूस काय काय चौकशा करतो. मुलगी रागीट आहे का, तिची आई रागीट आहे का, घरात कुणाला दमा-बिमा आहे का. सासऱ्यांच्या घामाची चौकशी मात्र कुणी करत नाही. मीही केली नाही. लग्नानंतर सासरे पहिल्यांदा आमच्याकडे चार दिवस राहून गेले आणि त्यानंतर आठवड्याभरात आमच्या दाराच्या कडीवर, शिवणाच्या कात्रीवर, नेलकटरवर आणि माझ्या दाढीच्या यंत्रावर तांबूस ठसे उगवले. उगवले हाच शब्द खरा, कारण पुसले तरी तीन दिवसांनी पुन्हा हजर. ठशातली एकेक रेघ इतकी स्पष्ट की पोलिसांनी कौतुक करावं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "बाबांचे आहेत," आणि पुढे भाजी चिरत राहिली.

काही माणसांचा घाम असाच असतो. त्यात खार जास्त की आंबटपणा जास्त हे त्या माणसांनाही कळत नाही. ती लोखंडाला हात लावतात आणि लोखंड गंजतं, एवढंच. बाकी प्रकृती ठणठणीत. माझ्या सासऱ्यांना आयुष्यात कधी डोकं दुखलेलं कुणी पाहिलं नाही. डोकेदुखी ती सगळी लोखंडाची.

तरुणपणी त्यांनी नोकरी धरली तीसुद्धा अशी जागा शोधून की वाटावं देवाने पत्ता लिहून दिला होता. मोजमापाचे पोलादी ठोकळे बनवणारा कारखाना. आरशासारखे गुळगुळीत ठोकळे, केसाच्या शंभराव्या भागाचाही फरक चालत नाही असे. सासऱ्यांनी ते आठ दिवस मोठ्या निष्ठेने पेटीत भरले. नवव्या दिवशी तपासनिसाने पेटी उघडली तर प्रत्येक ठोकळ्यावर तपकिरी अंगठा. त्याने सगळ्या कामगारांना रांगेत उभं करून एकेकाचा अंगठा भिंगाखाली घेतला. चोर सापडला. चोरी काहीच झालेली नसल्यामुळे शिक्षा काय करावी ते मात्र कुणाला सुचेना. शेवटी त्यांना एक महिन्याचा पगार, 'तांबेरा' हे नाव आणि एक सल्ला देऊन घरी पाठवलं. सल्ला असा की लाकडात काम शोध.

तांबेरा म्हणजे पिकावर पडणारा गंजासारखा रोग. नाव देणाऱ्याला दाद द्यायला हवी. माणसाला काढून टाकतानाही त्याने डोकं चालवलं.

त्यानंतर त्यांनी टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानात दोन महिने काढले, कुलपांच्या दुकानात तीन आठवडे. कुलपांच्या दुकानातल्या तीन आठवड्यांबद्दल ते कधी बोलले नाहीत. मग कुणीतरी सांगितलं, जुन्या बंदुकांच्या दुकानात मागच्या खोलीत माणूस हवा आहे, काम घाण आहे, कुणी टिकत नाही. सासरे गेले. लोखंडापासून लांब राहा म्हटल्यावर थेट बंदुकांच्या दुकानात जाणारा माणूस एकतर मूर्ख असतो किंवा त्याला घर चालवायचं असतं.

ते दुकान मी पुढे पुष्कळदा पाहिलं. समोरून अरुंद, आत लांबच लांब. पुढे काचेची कपाटं, त्यांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या बंदुका आडव्या मांडलेल्या, चापाची कळ काढून निकामी केलेल्या. त्या कुणी झाडत नाही. पैसेवाले लोक त्या विकत घेतात, दिवाणखान्यात टांगतात आणि आपल्या आजोबांबद्दल खोटं बोलतात. मागे कामाची खोली: दगडी ओटा, पितळी शेगडी, नळी बुडेल एवढी लांब पत्र्याची परात आणि कोपऱ्यात एक लाकडी कपाट. कपाटात खाली पाण्याचं पातेलं, त्यामुळे आत कायम दमट. वर, जिन्याने, दोन खोल्या. त्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळायच्या, आणि नोकरीबरोबर जायच्या.

मागच्या खोलीत तेव्हा एक म्हातारे उस्ताद होते. त्यांनी सासऱ्यांना एक घासून लख्ख केलेली पट्टी हातात धरायला लावली आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी पट्टीवर पाचही बोटं उमटलेली. उस्ताद पोट धरून हसले. म्हणाले, "लोकांना गंज चढवायला औषध लावावं लागतं. तुला नुसतं हात लावायचं." आणि त्यांनी पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड पुढे केला. "हे मात्र काढायचे नाहीत. कधीच."

कारण त्या खोलीत जे चालायचं ते गंज घालवण्याचं काम नव्हतं, गंज लावण्याचं होतं. हे मला समजायला दोन वर्षं लागली, आणि मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करतो, म्हणजे अगदीच ढ नाही. बंदुकीची नळी काळी दिसते तो रंग नसतो. नळी आधी सोड्याच्या पाण्यात उकळून तिचा तेलकटपणा घालवायचा, तिच्यावर औषध फिरवायचं आणि ती दमट कपाटात टांगायची. सकाळी तिच्यावर बारीक तांबडी लव आलेली असते. ती नळी परातीत उकळत्या पाण्यात सोडली की तांबडं काळं होतं. मग मऊ तारेच्या ब्रशाने वरची भुकटी झाडायची आणि पुन्हा औषध, पुन्हा कपाट, पुन्हा परात. असं आठ-दहा वेळा. शेवटी तेल. गंजाचाच असा पातळ थर बसतो की त्याच्यावर दुसरा गंज सहसा चढत नाही. मध्ये कुठे उघडं बोट लागलं तर तेवढ्या जागी डाग, आणि सगळं पहिल्यापासून.

ज्या माणसाच्या हाताने जगातलं सगळं गंजतं त्याने चौतीस वर्षं गंज लावून पोट भरलं, तेही हातमोजे घालून. उस्ताद गेल्यावर ती खोली त्यांचीच झाली. दुकानात सगळे त्यांना मामा म्हणत.

आता जुन्या बंदुकांच्या किमतीबद्दल सांगतो, कारण त्यातच सगळं महाभारत आहे. तुमच्या-माझ्यासारख्याला वाटतं, वस्तू चकचकीत असली की किंमत जास्त. जुन्या बंदुकीत ते उलटं. कारागिराने पहिल्या दिवशी चढवलेला थर जेवढा शिल्लक, तेवढी किंमत. तो फिका पडलेला चालेल, कडेने झिजलेला चालेल, फक्त तोच हवा. एकदा का कुणी घरात पॉलिश कागद घेऊन बसला की दीडशे वर्षं टिकलेली किंमत एका दुपारात खलास. आणि घराघरात असा एक उत्साही माणूस असतोच. बहुतेक जावई असतो. लोक दुकानात यायचे, फडक्यातून आरशासारखी नळी काढायचे आणि अभिमानाने सांगायचे, "दोन दिवस घासत होतो." सासरे हातमोज्यातल्या हाताने ती घ्यायचे, उजेडात धरायचे, आणि म्हणायचे, "फार कष्ट घेतलेत तुम्ही." यापलीकडे एक शब्द नाही. लोक खूश होऊन बघत राहायचे. किंमत ऐकल्यावर मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

अशा घासलेल्या बंदुका थोरले मालक स्वस्तात घ्यायचे, सासरे त्या पुन्हा काळ्या करायचे आणि काचेच्या कपाटात त्यांच्यापुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी लागायची: 'नव्याने काळी केलेली'. निम्म्याहून कमी भावाने जायच्या, पण जायच्या. थोरले मालक गेले आणि धाकट्यांनी गादी सांभाळली. धाकट्यांच्या दोन बोटांत दोन अंगठ्या आणि तोंडात सतत 'पीस' हा शब्द. हा पीस, तो पीस. त्यांना चिठ्ठ्या जुनाट वाटल्या. नव्या छापून आल्या, सोनेरी कडेच्या. त्यावर लिहिलं होतं: 'मूळ रंग. कुणाचाही हात न लागलेला'.

मामांनी गेल्याच महिन्यात दहा वेळा दमट कपाटात टांगलेल्या नळीपुढे ती चिठ्ठी उभी असायची. एका अर्थी खरीच होती म्हणा. हात कुठे लागला होता, हातमोजे लागले होते.

सासरे गप्प बसले. चार वर्षं. मला याचा राग यायचा, आणि राग येणं मला परवडत होतं, कारण माझ्या डोक्यावर माझं छप्पर होतं. त्यांच्या डोक्यावर धाकट्यांचं. एकदा मी बोललो तर सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही काही त्यांच्या डोक्यात भरवू नका. बोलतील आणि आम्ही दोघं ट्रंका घेऊन रस्त्यावर येऊ. मग ठेवाल तुमच्याकडे?" मी म्हणालो, "का नाही?" आणि मनात कात्री, कडी आणि दाढीचं यंत्र डोळ्यांपुढून गेलं. सासूबाईंनीही ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. त्या म्हणाल्या, "बघितलंत?"

त्या दिवशी मी दुकानात गेलो तो सासऱ्यांचा नवा चष्मा द्यायला. प्लास्टिकची फ्रेम, त्यांना धातूची मी देतच नाही. दुपारचे बारा वाजले असतील. काउंटरपाशी एक बाई उभ्या होत्या. वय सत्तरीचं, ताठ कणा, निवृत्त शिक्षिका. हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण धाकटे मालक त्यांच्यासमोर नकळत सरळ उभे राहिले होते त्यावरून कळत होतं. काउंटरवर जुन्या चादरीत एक दुनळी बंदूक. यजमानांच्या पणजोबांची. दोन्ही नळ्या सगळीकडून तपकिरी.

"पूर्ण गंजलाय हो बाई हा पीस," धाकटे मालक हळहळून म्हणाले. "आता भंगाराच्या भावातच जाणार. तुम्ही आलात म्हणून थोडं वर देतो."

बाईंचा चेहरा पडला. पण किमतीमुळे नाही. त्या म्हणाल्या, "लाज वाटते मला. आमच्या घरात अशी अस्वच्छ वस्तू इतकी वर्षं राहिली. मी असं करते, घरी नेते. शेजाऱ्यांकडे घासायचं मशीन आहे. स्वच्छ करून उद्या आणते, मग बघा."

"नको, नको. घासू नका," धाकटे म्हणाले. जरा जास्तच घाईने.

"का?" बाईंनी विचारलं. "गंज असेल तर काढायला नको?"

चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेल्या बाईंचा तो प्रश्न होता. धाकटे बोटातल्या अंगठ्या फिरवू लागले. घासू नका म्हणावं तर कारण सांगावं लागतं; घासा म्हणावं तर हातातोंडाशी आलेला घास जातो, कारण ती बंदूक दुकानातल्या सगळ्या बंदुकांहून जास्त मोलाची होती, हे मलासुद्धा त्यांच्या अंगठ्या फिरवण्यावरून समजलं. शेवटी त्यांनी मागे वळून हाक मारली, "मामा, जरा बाहेर या. बाईंना सांगा, हा गंजच आहे. आमचे जुने कारागीर आहेत बाई हे. ते खोटं बोलायचे नाहीत."

सासरे बाहेर आले. नवा चष्मा मी हातात दिला तो त्यांनी लावला. बंदूक उचलली, नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मी त्यांच्याकडे बघत होतो. चार वर्षं ते फसवणूक पचवत आले होते, तीही पचवली असती. पण शेजाऱ्यांचं घासायचं मशीन त्यांना पचेना. त्यांचा जबडा हलत होता.

"गंजच आहे, बाई," ते म्हणाले.

"ऐकलंत?" धाकटे म्हणाले.

"पण मुद्दाम लावलेला आणि वेळेवर थांबवलेला," सासरे पुढे म्हणाले. "त्या काळी नळ्या काळ्या करायच्या आधी अशा तपकिरी करत. ज्याने बंदूक बनवली त्यानेच हा चढवलाय. याला कागद लावू नका. कुणाला लावूही देऊ नका."

मग त्यांनी काउंटरवरची तेलाची बाटली घेतली, हातमोज्याच्या तर्जनीवर थेंब टाकला आणि नळीवरून घासून बोट बाईंसमोर धरलं. पांढरं. मग मधल्या बोटावर थेंब टाकला आणि ते दुकानाच्या शटरच्या कुलपावरून फिरवलं. लाल. दोन्ही बोटं बाईंनी चष्मा वर करून पाहिली, पोरांची वही तपासावी तशी. मग त्यांनी बंदूक पुन्हा चादरीत गुंडाळली, गाठ मारली आणि धाकट्यांना म्हणाल्या, "वय किती तुमचं?" उत्तराची वाट न बघता त्या गेल्या.

धाकट्यांनी आरडाओरडा केला नाही. असली माणसं करत नाहीत. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मामा, तुम्ही आता थकलात. या महिन्याच्या शेवटी विश्रांती घ्या. वरच्या खोल्या मला गोदामाला लागतीलच."

चौतीस वर्षांचा हिशोब एवढ्यात उरकला.

महिनाअखेरीला मी सामान हलवायला गेलो. दोन ट्रंका, एक खाट, सासूबाईंचं शिवणयंत्र (सासऱ्यांनी त्याला जन्मात हात लावला नव्हता). सगळं खाली आल्यावर सासऱ्यांनी धाकट्यांकडे काचेच्या कपाटांची किल्ली मागितली. "शेवटचं तेलाचं फडकं फिरवून जातो," म्हणाले. दर शनिवारी ते फिरवायचेच. धाकट्यांनी फोनमधून मान वर न काढता किल्ली सरकवली.

कपाटांत तेवीस बंदुका होत्या. एकोणीस बंदुकांवरून त्यांनी हातमोजे घालून फडकं फिरवलं, प्रत्येकीवरून सावकाश. उरल्या चार. सोनेरी कडेच्या चिठ्ठ्यांच्या. त्यांच्यापाशी आल्यावर त्यांनी डावा हातमोजा काढला, मग उजवा. मी त्यांचे उघडे हात त्या दुकानात पहिल्यांदाच पाहिले. पांढरे, सुरकुतलेले, पाण्यात जास्त वेळ राहिल्यासारखे. त्यांनी पहिली बंदूक उलटी केली, जिथे बनवणारा आपली खूण ठोकतो त्या जागेवरचं तेल स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, आणि तिथे अंगठा टेकवला. दहा मोजावेत एवढा वेळ. मग दुसरी. मग तिसरी. मग चौथी.

खरं सांगतो, तेवीसच्या तेवीस बंदुकांना हात लावावा असं मला वाटत होतं. मी कुजबुजलोही, "बाबा, बाकीच्या?"

"त्या माझ्या नाहीत," ते म्हणाले. हातमोजे घडी करून त्यांनी ओट्यावर ठेवले आणि किल्ली परत दिली.

पुढचे दिवस आमच्या घराचे कसे गेले हे विचारू नका. कात्री खणात कुलूपबंद, दाढीचं यंत्र माझ्या कामाच्या बॅगेत. बायकोने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक झाकणाला कापडी टोपी शिवली. घर नव्हे, तान्ह्या बाळांचा दवाखाना. सासरे बिचारे हात मागे बांधून घरभर फिरायचे आणि दार उघडायला मला हाक मारायचे. बासष्ट वर्षांच्या माणसाने दार उघडायला हाक मारावी याचं मला इतकं वाईट वाटलं की एके दिवशी मीच म्हणालो, "बाबा, तुम्हीच उघडत जा. कडीचं काय एवढं." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उघडली. माझा चांगुलपणा मी तिथेच संपवला. दाढीचं यंत्र बॅगेतच राहिलं.

सतराव्या दिवशी सकाळी धाकटे मालक आले. स्वतः, जिना चढून, धापा टाकत. काखेत गुंडाळलेली एक बंदूक. अंगठ्या होत्या, पण मऊ आवाज नव्हता.

"मामा, हे काय केलंत? चारही पीसवर अंगठा उमटलाय तुमचा. दाताचे डॉक्टर बंदूक घ्यायला आले, पैसे घेऊन आले, उलटी करून बघतात तर खाली हा एवढा तपकिरी अंगठा. हात न लागलेली म्हणे, आणि हसत सुटले माझ्या तोंडावर." त्यांनी गुंडाळी सोडली. "मग मी काय करणार? काढायला गेलो."

नळीच्या खालच्या बाजूला अंगठ्याएवढी जागा घासून पांढरीफटक झाली होती. नुसती अंगठ्याएवढी नाही; ती जागा दिसू नये म्हणून आजूबाजूला घासलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून त्याच्या आजूबाजूला. वीतभर नळी उघडी पडली होती. तीन पिढ्या बंदुका विकणाऱ्या घराच्या वारसाने शेवटी तेच केलं होतं जे घराघरातले जावई करतात.

मला हसू आवरत नव्हतं. सासऱ्यांकडे बघितलं आणि ते गेलं. ते खुर्चीत बसले होते, बंदूक मांडीवर घेऊन, उघड्या बोटांनी त्या पांढऱ्या जागेच्या कडेवरून हात फिरवत. आता तिथे आणखी काही बिघडायचं राहिलं नव्हतं.

"कितीचा कागद?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पॉलिश कागद. किती नंबरचा?"

"माहीत नाही. घरात होता तो."

सासऱ्यांनी मान हलवली. "फार कष्ट घेतलेत तुम्ही," ते म्हणाले. मी ते वाक्य पुष्कळदा ऐकलं होतं. त्यांचा आवाज तेव्हा असा कधी लागला नव्हता. ती नळी त्यांची होती. दहा वेळा उकळलेली.

धाकट्यांचा सूर आता खाली आला. "मामा, झालं ते झालं. चारही काळ्या करून द्या. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमत नाही, मी दोन ठिकाणी विचारून आलो. वरच्या खोल्या अजून तशाच आहेत. आज रात्रीपर्यंत सामान हलवा पाहिजे तर. पगार तोच."

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. सतरा दिवस त्या आमच्या बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपत होत्या आणि एकदाही कुरकुर केली नव्हती. पण रोज सकाळी त्या खिडकीतून कुठे बघायच्या ते मला माहीत होतं. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. खोल्या, जिना, शिवणयंत्राची खिडकी, सगळं त्या पाहण्यात होतं. आता ते हो म्हणणार, असं मला वाटलं, आणि मी त्यांना दोष दिला नसता.

"चिठ्ठी लिहा म्हणावं आधी," सासूबाई म्हणाल्या.

धाकट्यांना समजलं नाही असं त्यांनी दाखवलं. सासरे म्हणाले, "करतो. पण जुनी चिठ्ठी लागेल. नव्याने काळी केलेली."

"मामा, निम्मी होईल हो किंमत."

"निम्मी होणार नाही. तेवढीच होती."

धाकट्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जावई, जावयाने अशा वेळी समजूत घालायची असते. मी खिशातून पेन आणि आमच्या दुकानाचं, चष्म्याचा नंबर लिहून द्यायचं कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. मग कार्डाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी दात आवळून लिहिलं: 'नव्याने काळी केलेली'.

"कुणी?" सासरे म्हणाले.

"म्हणजे?"

"कुणी काळी केली ते खाली लिहा."

धाकट्यांनी पेन टेकवलं. आणि ते थांबले. आम्ही सगळे वाट बघत होतो. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा कार्डाकडे, पुन्हा वर. त्यांचे कान लाल झाले. लहानपणापासून ते त्या दुकानात खेळले होते, सासऱ्यांच्या ओट्यावर बसून पाय हलवत बसायचे म्हणे. चौतीस वर्षं मामा होते. मामांना काय नाव असतं हे विचारायची कधी वेळच आली नव्हती.

सासरे नुसते बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरले ते मी पाहिलं.

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून, पहिलीच्या मुलाला सांगावं तसं. धाकट्यांनी लिहिलं. सासूबाईंनी कार्ड उचलून वाचलं, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अजून तीन राहिली."

धाकट्यांनी आणखी तीन कार्डं लिहिली. दुसऱ्या कार्डानंतर त्यांना नाव पाठ झालं होतं.

त्याच दुपारी सामान पुन्हा जिना चढून वर गेलं, ट्रंका मीच वाहिल्या. डॉक्टरांनी बंदूक घेतली, निम्म्या भावाने, आणि चिठ्ठीसकट भिंतीवर टांगली म्हणतात. दुकान बुडालं नाही. धाकटे अजून 'पीस' म्हणतात.

आमच्या घरात आता सगळं जागच्या जागी आहे. कात्री उघड्यावर, दाढीचं यंत्र आरशापाशी. दाराच्या कडीवर मात्र तपकिरी अंगठा आहे, रोज उघडून उघडून चांगला खोल बसलेला. परवा बायकोने पॉलिश कागद काढला आणि दारापाशी गेली. मी विचारलं, "कितीचा आहे?" आणि ती उत्तर द्यायच्या आत तो तिच्या हातातून काढून घेतला.